तोटीचा घाम

काकांची सिगारेट सुटत नव्हती आणि सिगारेटवाल्या माणसाला आई घरात घेत नव्हती, म्हणून ठरलेल्या बैठकीला काका खिडकीबाहेर उभं राहून हजर होते. चौकटीत त्यांचं डोकं आणि खांदे तेवढे दिसत. एखाद्या जुन्या नातेवाइकाचा फोटो भिंतीवर लावावा आणि त्यानं मधूनच धूर सोडावा, तसं ते दिसत होतं.

“भावजी, ती विझवा, हात धुवा आणि आत या,” आई म्हणाली.

“आत आलो की पुन्हा तलफ येणार, वहिनी. मग पुन्हा बाहेर. त्यापेक्षा मी इथे बरा. मला सगळं ऐकू येतं.”

“ऐकायला कुणाची ना नाही, अण्णा. तू बोलतोस त्याचा त्रास आहे,” आत्या म्हणाली.

“बेबी, तू सुरू होऊ नकोस.”

साठी उलटलेल्या आत्याला बेबी म्हणणारं आता एकच माणूस उरलं होतं आणि ते खिडकीबाहेर होतं. पूर्वी दोघे होते.

आईच्या लेकीनं, थोरलीनं, टेबलावरचं कापड काढून त्याची घडी घातली आणि पांढऱ्या बश्या मांडल्या. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. चुका शोधायच्या तर आधी उजेड नीट हवा, ही तिची तिथली सवय. तिनं पडदा पूर्ण बाजूला सारला, तेव्हा काकांच्या मागची कुंपणाची भिंतही दिसायला लागली. शेगडी सकाळपासून बंद होती. मागच्या खोलीत दारू उघडी असताना घरात काडी ओढायची नाही, हा बाबांचा नियम आई अजून पाळत होती. चहा थर्मासात होता आणि कोमट झाला होता.

बाबांनी गाळलेल्या शेवटच्या दारूचं काय करायचं, हा प्रश्न बाबा गेले त्या दिवसापासून घरात होता. आवारातली सफरचंदं पडायला लागली की ती आंबवून दर वर्षी ते मागच्या खोलीत तांब्याचा हंडा चढवायचे. घरापुरतं गाळायचा परवाना त्या खोलीच्या दाराला आतून ठोकलेला होता. उतरेल ती दारू आधी स्टीलच्या डब्यात साठायची आणि तिथून काचेच्या मोठ्या बुधल्यात जायची. बुधला बाबांनी बंद पडलेल्या एका औषधांच्या दुकानातून आणला होता. त्याचं बूचही काचेचं, घासून बसवलेलं. या वर्षीची दारू डब्यात उतरली आणि बाबा अंथरुणाला खिळले. बुधला धुऊन पुसून रिकामा वाट बघत राहिला. बाबांना न्यायला माणसं आली त्या दिवशी वारा सुटला होता आणि पुढचं दार सारखं आपटत होतं. थोरलीच्या धाकट्या भावानं, बारक्यानं, दाराला काहीतरी टेकण लावावं म्हणून हाताला लागलं ते लावलं. हाताला बुधला लागला.

त्या दिवशी काचा वेचताना बारक्याला कुणी काही बोललं नाही. नंतर मात्र रोज कुणी ना कुणी बोलत होतं.

दारू डब्यातच राहिली. डब्याला दोष नव्हता, पण त्याच्या तळाशी काकांनी बसवलेली तोटी होती आणि तोटीच्या पोटात रबराची चकती होती. इतक्या कडक दारूपुढे रबर टिकत नाही. तोटीला थेंब धरू लागला.

“गळत नाही ती,” काका म्हणाले होते. “जन्मभर नळ बसवत आलोय मी. माझी तोटी गळत नाही. थोडी घामेजते.”

भाऊ गेल्यानं खचलेल्या माणसाशी तोटीवरून कोण वाद घालणार? मग घरात सगळेच घाम म्हणू लागले. त्या घामाखाली आईनं एक वाटी ठेवली, आणि नव्या भांड्याचा शोध सुरू झाला.

खरं तर शोध कसला, चढाओढच ती. ज्याचं भांडं पसंत पडेल त्याच्याकडे बाबांची शेवटची दारू जाणार, हे कुणी उच्चारलं नव्हतं आणि सगळ्यांना कळलं होतं. बारक्या प्लास्टिकच्या टाक्या विकायचा. त्यानं नवा कोरा कॅन आणला. काकांनी जस्ताच्या पत्र्याचा डबा घरी वळला, सांधला आणि त्याला दोन कड्याही लावल्या. आत्यानं आपल्या लग्नात आलेली कट ग्लासची सुरई काढली, जिच्यात डब्यातल्या दारूचा एक कोपराही मावला नसता.

“सुरईत मावेल तेवढी सुरईत,” आत्यानं सांगून ठेवलं होतं. “बाकीचं मी बघीन.”

“बाकीचं कशात बघणार?” असं काकांनी विचारलं होतं, आणि त्यावरून दोघांचं बोलणं आठवडाभर बंद होतं.

बाबांची भांडं पारखायची एक रीत होती. नुसतं बघून ते कुठल्याच भांड्यावर विश्वास ठेवत नसत. भांड्यात थोडी दारू घालून पंधरवडाभर झाकून ठेवायची. मग तिचे चार थेंब तळहातावर घ्यायचे, दोन्ही हात चोळायचे, दारू उडून जाईपर्यंत थांबायचं आणि मागे जे राहील ते हुंगायचं. भांड्यानं काही सोडलं असेल तर तिथे सापडतं. हुंगायचं काम थोरलीचं. ती नऊ वर्षांची असल्यापासून तिचंच. “नाकाबाई, या,” अशी मागच्या खोलीतून हाक आली की ती पुस्तक उपडं घालून धावायची. आताही सगळ्यांनी आपापल्या भांड्यात नमुना मुरवून आणला होता, आणि निवाडा नाकाबाईनं द्यायचा, एवढ्या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं.

नाकाबाईला वास येत नव्हता.

बाबा गेल्यानंतर कधीतरी दूध उतू जाऊन जळलं आणि ती शेजारच्याच खुर्चीत वाचत बसून राहिली. आई बाहेरून धावत आली तेव्हा तिला कळलं. सर्दी नव्हती. तिनं साबण, केरोसीन, बाबांचा कोट, सगळं हुंगून पाहिलं. भिंत हुंगावी तसं. तिनं कुणाला सांगितलं नाही. बाबांनी तिला दिलेली अशी वस्तू कुठलीच नव्हती, एक काम दिलं होतं. तेही गेलं हे सांगायचं कुणाला आणि कसं? शिवाय तिचं नाक गेलं हे कळलं असतं तर दारू ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे गेली असती, आणि या घरात आवाजाला कुणीच कमी नव्हतं.

“आधी स्टीलच्या डब्याचं सील बघा,” बारक्या म्हणाला. सील ही त्याचीच कल्पना होती. झाकणाभोवती चिकटपट्टी लावून तिच्यावर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, पारख होईपर्यंत कुणी डबा उघडू नये म्हणून. सगळे मागच्या खोलीत जाऊन बघून आले. सह्या जागच्या जागी होत्या. तोटीखाली कोरडी वाटी होती.

“बघा. घामसुद्धा थांबला,” काका त्या खोलीच्या खिडकीतून म्हणाले. ते घराला वळसा घालून तिकडे पोचले होते.

“आता पुढच्या खिडकीत या,” आई म्हणाली.

आधी कॅन उघडला. थोरलीनं बशीत ओतलं. बशी पांढरी असल्यानं लगेच दिसलं. दारूला फिकट पिवळी झाक आली होती. झाकणाच्या आतली चकती फुगून चावलेल्या च्युइंगगमसारखी झाली होती. तिनं चार थेंब हातावर घेतले, चोळले, डोळे मिटले आणि वास येणारा माणूस जितका वेळ थांबेल तितका वेळ थांबली.

“रबर,” ती म्हणाली.

“मला इथूनच येतोय,” आत्या म्हणाली.

“मला इथवर येतोय,” काका म्हणाले. आठवडाभराचा अबोला असा सुटला.

“चकती बदलून आणतो,” बारक्या म्हणाला. “प्लास्टिक चांगलं आहे, ताई. खाण्यापिण्याचं आहे. तळाला शिक्का बघ.”

“पाण्याला चालेल, दुधाला चालेल. ही दारू तिखट आहे रे. वर्षभर ठेवलं तर त्यातलं काय काय उतरेल, आणि ते रंगावरून कळणारही नाही.”

“काचवालीच ना तू पहिल्यापासून.”

“काच होती आपल्याकडे,” आत्या छताकडे बघत म्हणाली. “दाराला लावायला नव्हती.”

बारक्यानं कॅनचं झाकण लावलं आणि खुर्ची उचलून काकांच्या खिडकीपासून दूर, आत्याच्या बाजूला नेऊन ठेवली. ज्यानं टोमणा मारला त्याच्याच शेजारी जाऊन बसायचं, ही त्याची लहानपणापासूनची रीत. पुढचा टोमणा तरी दुसऱ्याला बसतो. तसंच झालं. जस्ताचा डबा पुढे आला तेव्हा आत्या आणि बारक्या एका बाजूला होते.

डब्यातली दारू दुधाळ दिसत होती. बशीच्या तळाला पांढरी भुकटी बसली.

“ती खडी,” काका म्हणाले. “पाण्यातल्या क्षारांची असते.”

“यात पाणी कुठून आलं, काका?” बारक्यानं विचारलं.

“सफरचंदात पाणी नसतं का?”

“म्हणजे खडी सफरचंदातून आली.”

“तू टाक्या विक रे. पत्र्यातलं तुला काय कळतं?”

थोरलीनं हात चोळले, डोळे मिटले, उघडले. “जस्त विरघळलंय, काका. दारूत फळाचा आंबटपणा थोडा असतोच, तो पत्र्याला खातो. हे पोटात गेलं तर उलट्या होतील.”

काका थोडा वेळ धूर सोडायचे थांबले. “कड्या चांगल्या बसल्यात पण,” ते म्हणाले.

“कड्या छान आहेत,” आई म्हणाली, आणि ते तिनं इतक्या मनापासून म्हटलं की काकांनी दुसरीकडे पाहिलं.

राहिली सुरई. आत्यानं मखमलीचं फडकं सोडवलं. कट ग्लासच्या पैलूंवर उजेड पडला आणि टेबलभर लहान लहान रंगीत ठिपके सांडले. आतला नमुना स्वच्छ होता. रंग नाही, गढूळपणा नाही, तळाला काही नाही. आत्या खुर्चीत मागे टेकून बसली. तिनं आयुष्यभर हॉटेलाच्या काउंटरवर लोकांना खोल्यांच्या किल्ल्या दिल्या होत्या, आणि कुठला माणूस भाडं न देता जाणार हे तिला आधी कळायचं.

“हिच्यात बघ,” ती म्हणाली. “सावकाश बघ, नाकाबाई. घाई नाही.”

थोरलीनं सुरई उजेडात धरली. इथे डोळ्यांना काही मिळण्यासारखं नव्हतं. असल्या पैलूदार काचेत शिसं असतं आणि वर्षानुवर्षं दारू ठेवली तर ते उतरतं, हे तिनं वाचलं होतं; पण वाचलेलं सांगायला तळहात कशाला लागतो? तिनं चार थेंब घेतले, हात चोळले आणि डोळे मिटून थांबली. मग आणखी थांबली.

हात ओलेच होते.

दारू तळहातावर पडली की आधी गार लागते आणि बघता बघता उडून जाते. हे गारही लागलं नव्हतं आणि उडतही नव्हतं.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “हे पाणी आहे.”



“काय नाक आहे,” बारक्या म्हणाला.

“दादाची लेक आहे ती,” काका खिडकीतून म्हणाले. पाण्याला वास नसतो, तेव्हा यात नाकाचा काय पराक्रम, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. थोरलीनंही ते लक्षात आणून दिलं नाही. तिनं हात फडक्याला पुसले.

“नमुना कुठे गेला, वन्सं?” आईनं विचारलं.

आत्यानं सुरईचं बूच दोन बोटांत फिरवलं. “सांडला.”

“आत्या.”

“बरं, ओतला मी. मोरीत ओतला. आधी वाटलं, दादाची शेवटची आहे, एक घोट घ्यावा. बसले, त्याची आठवण काढली, आणि घेतला.” तिनं बूच सुरईवर परत ठेवलं. “पिववेना गं. करपलेली लागते. तव्याला चिकटलेलं खरवडून खावं तशी. मग सुरई रिकामी कशी आणायची म्हणून पाणी भरलं.”

थोरलीनं काकांकडे पाहिलं. भावाच्या दारूला असं म्हणणाऱ्या बहिणीवर ते आता तुटून पडणार. काका सिगारेटच्या राखेकडे बघत होते.

“नेहमीच लागायची,” ते म्हणाले.

“नेहमी म्हणजे?”

“म्हणजे पहिल्यापासून. दर वर्षी. दादा ग्लास पुढे करायचा, मी वाह म्हणायचो. मला वाटायचं बेबीला आवडते, आपण कशाला बोला.”

“मला वाटायचं तुलाच आवडते. तू दुसऱ्यांदा घ्यायचास.”

“दुसऱ्यांदा घेतली की तो तिसऱ्यांदा आग्रह करायचा नाही.”

“मला वाटायचं माझीच जीभ खराब,” बारक्या म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर गेल्या कित्येक दिवसांत न दिसलेली सुटका होती. “मी लग्नात मित्रांना दिली होती. एकानं कुंडीत ओतली. ते झाड...” तो थांबला. “झाडाचं राहू दे.”

थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. करपलेली? तिच्या आठवणीत त्या वासाला दुसरं नावच नव्हतं. सफरचंदाची दारू अशी असते. एवढंच. तिनं इतकं वाचलं होतं, कितीतरी पुस्तकांत माणसं कसल्या कसल्या दारू पीत होती, आणि प्रत्येक पेल्यात तिनं मनातल्या मनात हाच वास घातला होता.

आता भांडण मिटायला हरकत नव्हती. कुणालाच नको असलेली वस्तू कुणीही ठेवावी. पण तसं होईना.

“मग एक करू,” आत्या म्हणाली. “तुम्हा कुणाला आवडत नाही, तर मी घेऊन जाते.”

“तुला तरी कुठे आवडते?”

“मी पिणार नाहीये. ठेवणार आहे.”

“मग मी पण ठेवीनच की,” काका म्हणाले. “आणि माझ्याकडे माळा आहे.”

“माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी होते. दारू थंड जागी ठेवतात, काका. माझ्या गोदामात...”

“तुझ्या गोदामात दारं किती आहेत ते सांग आधी. वारा येतो का?”

“मी मुलगा आहे त्यांचा.”

“मी भाऊ आहे. तुझ्या आधीपासून आहे.”

“आणि मी त्याच्या लग्नात हट्टानं पुढच्या गाडीत बसले होते,” आत्या म्हणाली. याचा अर्थ काय हे कुणाला कळलं नाही, पण ती रडायच्या बेतात होती, म्हणून कुणी विचारलं नाही.

बारक्या ताडकन उठला. “डबा इकडे आणतो. समोर ठेवून काय ते ठरवू,” असं म्हणून तो मागच्या खोलीत गेला. बाकीच्यांनी त्याचा हुंकार ऐकला, जड वस्तू उचलायला माणूस आधीच अंगात जोर आणतो तसा. मग धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ रिकामा डबा लादीवरून घरंगळत गेल्याचा.

बारक्या दारात आला. त्याच्या एका हातात डबा होता, बोटाला अडकवलेल्या पिशवीसारखा. दुसऱ्या हातानं तो ढुंगण चोळत होता.

“हलका आहे,” तो म्हणाला.

डबा टेबलावर आला. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. आपापली सही प्रत्येकानं वाकून तपासली. काकांनी खिडकीतून अर्धं अंग आत घालून तपासली, सिगारेट मागे लांब धरून. मग थोरलीनं पट्टी कापली आणि झाकण काढलं. तळाला तोटीच्या तोंडाखाली राहील तेवढी ओल होती.

“प्यायलं कुणी?” काकांनी विचारलं.

“पिणार कोण? आत्ताच तर ठरलं की कुणाला पिववत नाही.”

“अण्णा, तुझी तोटी.”

“माझी तोटी घामेजते. माणसाला घाम येतो म्हणून माणूस संपत नाही.”

हे वाक्य म्हणून झाल्यावर काकांनी खिडकीतून आत घातलेलं अंग बाहेर काढून घेतलं.

आईनं थर्मासचं झाकण लावलं, उठली आणि जिन्याखालचं कपाट उघडलं. आत अंधारात, पुढे-मागे, अगदी शेवटच्या फळीपर्यंत बाटल्या उभ्या होत्या. सॉसच्या, खोकल्याच्या औषधाच्या, मधाच्या. लोणी यायचं त्या रुंद तोंडाच्या बरण्या. सगळ्या काचेच्या, खरवडून धुतलेल्या. झाकणांचे आतले रबर काढून टाकलेले. प्रत्येकीत दारू गळ्याच्या खाली थांबलेली होती, उन्हाळ्यात फुगायला जागा राहावी म्हणून.

“वाटी भरायची,” आई म्हणाली. “रोज भरायची. कधी दिवसातून दोनदा. तुमचं इकडे कॅन का डबा का सुरई चाललं होतं. तोटी काही तुमचं ठरेपर्यंत थांबणार नव्हती.”

“सांगायचं नाही का, वहिनी?”

“भावजी, तोटी गळते असं तुम्हाला सांगायचं होतं का मी?”

काकांनी सिगारेट भिंतीवर चुरडली, नळावर जाऊन हात धुतले आणि पहिल्यांदाच दारातून आत आले. आत आल्यावर ते खिडकीतल्यापेक्षा बरेच लहान दिसत होते.

“सॉसचा वास लागला असेल तर?” आत्या म्हणाली. “किंवा औषधाचा. एवढं सगळं केलंत, वहिनी, पण ते बघायला हवं.”

“ताई बघेल,” बारक्या म्हणाला. त्यानं हातातला डबा खाली ठेवून कपाटातली एक सॉसची बाटली काढली आणि थोरलीसमोर धरली. “बघ ना. हीच आहे ना ती? बाबांचीच?”

त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. बुधला फुटल्यापासून तो ज्या एका गोष्टीची वाट बघत होता ती हीच, हे तिला तेव्हा कळलं. काहीतरी शिल्लक राहिलं आहे एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं.

थोरलीनं बाटली घेतली. झाकण काढलं, चार थेंब तळहातावर घेतले. गार लागलं. हात चोळले. उडून गेलं. तिनं हात नाकाशी नेले. भिंत. ती थांबली. सगळे थांबले. या वेळी बशीत बघण्यासारखं काही नव्हतं, आणि खोटं ‘हो’ म्हणणं सोपं होतं. बारक्याला ते पुरलंही असतं.

“मला वास येत नाही,” ती म्हणाली. “बाबा गेल्यापासून. कशाचाच नाही. मघाचं सगळं मी बघून सांगितलं.”

तिला वाटलं होतं आत्या बोलेल. आत्या सुरईचं फडकं हातात गोळा करत होती.

“त्यांनाही यायचा नाही,” आई म्हणाली.

“कुणाला?”

“ह्यांना. रंगाच्या कारखान्यात होते ना, वार्निश ढवळायच्या खोलीत. तिथेच गेला. आपलं घर झालं त्याच्या आधी. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. दारू गाळणाऱ्या माणसाला वास येत नाही म्हटलं तर हसतील लोक.” तिनं बाटलीचं झाकण टेबलावरून उचललं आणि पदराला पुसलं. “म्हणून तुला हाक मारायचे.”

“मी नऊ वर्षांची होते.”

“तू खोटं बोलणार नाहीस असं त्यांना वाटायचं.”

“मी काय सांगायचे?”

“पहिल्या वर्षी हंड्याच्या तळाला लागलं. मला माजघरात कळलं. मी बोलणार होते. तेवढ्यात त्यांनी तुझ्यासमोर हात धरला, कसा आहे म्हणून विचारलं. तू म्हणालीस, छान.”

थोरलीला तो हात आठवला. मोठा, खरबरीत, ओंजळीसारखा वळलेला, आणि त्याच्यावर वाकलेले बाबा. त्या वेळी ते हातातून वास घेत नसत, तिच्या चेहऱ्यावरून घेत. ती इतकी वर्षं समजत होती की ते तिला शिकवताहेत.

“मग पुढच्या वर्षी आच तेवढीच ठेवली,” आई म्हणाली. “तितकाच वेळ. मोजून. तिला आवडला तसाच यायला हवा म्हणाले. मी म्हटलं, अहो, जरा मंद ठेवा. नाही म्हणाले. नाकाबाईनं पास केलाय.”

काका खुर्चीत बसले. “म्हणजे एवढी वर्षं आम्ही जे पीत होतो,” ते सावकाश म्हणाले, “ते हिच्यामुळे.”

“नऊ वर्षांच्या पोरीमुळे,” आत्या म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. ते मधेच रडण्याकडे वळलं आणि पुन्हा हसण्याकडे आलं. बारक्या ढुंगण चोळत हसत होता. काकांचे खांदे हलत होते, पण तोंड त्यांनी घट्ट मिटून धरलं होतं, आत्याकडे बघायचं टाळत.

“बाटल्या इथेच राहतील,” आई म्हणाली. “जिन्याखाली. उभ्याच ठेवायच्या, आडव्या नाहीत. ज्याला आठवण येईल त्यानं यावं, झाकण उघडावं, बसावं. घरी न्यायची नाही.”

“आणि प्यायची?” काकांनी विचारलं.

“प्यायचा हट्ट कुणाचाच नाहीये, भावजी.”

“नाही, विचारून ठेवलं.”

थोरलीचे हात अजून समोरच होते, कोरडे, उघडे. तिनं पुन्हा बाटली वाकवली, चार थेंब घेतले आणि हात चोळले. दारू उडून जाईपर्यंत थांबली. मग दोन्ही हात ओंजळीसारखे वळवून टेबलापलीकडे आईसमोर धरले.

“कसा आहे?” तिनं विचारलं.

आई वाकली. तिनं घाई केली नाही. थोरली तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, कपाळाकडे, मिटलेल्या पापण्यांकडे, किंचित रुंदावलेल्या नाकपुड्यांकडे, आणि बाबांना त्या सगळ्या वर्षांत काय काय दिसलं असेल ते बघत राहिली.

“करपलाय,” आई म्हणाली. डोळे तिनं उघडले नाहीत. “छान करपलाय.”